विचेंझाचं यंत्र आणि करोलबागेची जमीन

आमच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं लांबच्या गावाला घाबरत नाहीत. कुणाचा भाऊ कोईमतूरला असतो, कुणाचा साडू गुवाहाटीला, कुणाचा चुलता काठमांडूला. सगळे गलाईचं काम करायला गेलेले. सोनाराकडचं जुनं, भेसळीचं सोनं वितळवायचं, तेजाबात घालायचं आणि शुद्ध करून परत द्यायचं, ही गलाई. पण नुसतं बघायला म्हणून आमच्यातलं कुणी कुठं गेल्याचं मला ठाऊक नाही. काशीला गेलेला माणूससुद्धा येताना तिथल्या सराफ गल्लीत भट्टीला जागा मिळेल का, ते विचारून येतो.

मी मात्र गेलो. ठरवून नाही. आणि आता दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या कुलकर्णी वहिनी म्हणतात की इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा. मी नववीत शाळा सोडली, मामाबरोबर दिल्लीला आलो आणि करोलबागेत भट्टीपुढं बसलो. तेव्हापासून सही आणि बिलं सोडून फारसं काही लिहिलेलं नाही. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, बोलता तसं लिहा. शुद्धलेखन मी बघते." त्यांचे यजमान केंद्र सरकारात आहेत. माझ्या व्हिसाचे कागद त्यांनीच भरून दिले, पाठीवरची मोठी सॅक त्यांच्या मुलाची. त्या घराचे उपकार इथं लिहून ठेवतो, म्हणजे सांगायचे राहायचे नाहीत.

झालं असं. आमच्या गल्लीत भट्टीच्या धुराच्या तक्रारी वाढल्या होत्या. आमच्या शेठजींनी दिल्लीबाहेर मानेसरला जागा घेतली आणि सोनं शुद्ध करायचं एक इटालियन यंत्र बघायचं ठरवलं. शेठजी, शेठाणी आणि मी असे तिघं जाणार होतो. यंत्र मी बघायचं आणि परत यायचं. ते दोघं पुढं व्हिएन्नापर्यंत फिरणार. तिकिटं मात्र तिघांची सारखीच काढली होती, स्वस्त पडली म्हणून. निघायच्या आठवड्यात शेठजींच्या कमरेचा मणका सरकला. ते पलंगावर आडवे पडून म्हणाले, "मराठे, तू अकेला जा. मशीन बेचनेवाला काग़ज़ दिखाएगा, तू माल देखना. तू हाँ बोलेगा तो लेंगे, ना बोलेगा तो नहीं लेंगे."

दिल्लीत गलाईवाल्याला नावानं कुणी हाक मारत नाही. आम्ही सगळे मराठे.

मी विचारलं की बघून झाल्यावर मधले दिवस काय करू. ते म्हणाले, घूम ले यार, टिकट तो वापस होगा नहीं.

विचेंझा

दिल्लीच्या विमानतळापासून मला एकाच गोष्टीची धास्ती होती. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर एक शेरा असतो, काही देशांत कामाला जायचं तर सरकारी परवानगी लागते असा. त्या शेऱ्याचा युरोपशी संबंध नाही, असं वहिनींनी दोनदा सांगितलं होतं. तरी प्रत्येक खिडकीपाशी मला वाटायचं की आता हा माणूस वर बघून विचारेल, नववीत काय झालं? कुणी विचारलं नाही. इटलीतल्या पोलिसानं शिक्का मारताना जांभई दिली. मी त्याला नमस्कार केला.

कारखाना विचेंझा गावाबाहेर होता. आत गेल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती म्हणजे वास नाही. आमच्याकडं तेजाबाचा वास गल्लीच्या तोंडालाच येतो. घरी गेल्यावर बायको डब्याआधी शर्ट मागते. इथं काचेच्या कपाटात सगळं चाललेलं, नाकाला काही कामच नाही. एक बाई खुर्चीत बसून पडद्याकडं बघत होती, मधेच कॉफी पीत होती. माल बाहेर आला तो मी हातात घेतला, कापून बघितला, वितळवून घेतला. चांगला होता. आमच्यापेक्षा चांगला होता. हे लिहायला आता काही वाटत नाही, तेव्हा वाटलं.

एकच गोष्ट ओळखीची होती. बाहेर पडताना दाराशी फिरते ब्रश होते. त्यावर बूट घासल्याशिवाय कुणाला सोडत नव्हते. हात धुतलेलं पाणीसुद्धा टाकीत साठत होतं. आमच्यातही तेच आहे, फक्त हातानं. संध्याकाळी काम संपलं की पत्र्याच्या मोठ्या परातीत उभं राहून कपडे झटकायचे, केसांतून फणी फिरवायची, चपला आपटायच्या. सोन्याचा कण डोळ्याला दिसत नाही, पण अंगाला लागतो. तो कचरा साठवून वर्षातून एकदा गाळतात. पाहुणा जरी भट्टीपाशी बसून गेला तरी आम्ही त्याला झटकल्याशिवाय सोडत नाही, आणि त्यालाही त्याचं वाईट वाटत नाही. बुटावर ब्रश फिरताना मला एकदम घरी आल्यासारखं झालं.

तिथली जमीन लोखंडी जाळीची होती. जाळी उचलून खालचा कचरा काढून घेतात, असं दाखवणाऱ्यानं सांगितलं. मी मान डोलावली. त्या वेळी त्याचा जास्त विचार केला नाही.

विचार केला तो दुसऱ्या गोष्टीचा. आमच्या भट्टीवर मी धरून पाच माणसं. चौघंही माझ्या गावाकडची, मीच आणलेली. भगवान तर माझ्या शेजारच्या घरातला. आणि हे यंत्र एक बाई कॉफी पीत चालवत होती. मी हो म्हटलं की चौघांचं काम गेलं. नाही म्हटलं तर शेठजी यंत्र घेणार नाहीत, कारण ते माझ्यावर विश्वास ठेवतात. खोटं बोललो असतो तर त्यांना कधी कळलंही नसतं. त्रास त्याचाच होता.

संध्याकाळी शेठजींचा फोन आला. "मराठे, मशीन कैसी है?"

मी म्हणालो, अभी देख रहा हूँ.

मेस्त्रे, व्हेनिस

विमान व्हिएन्नाहून होतं आणि त्याला अजून बरेच दिवस होते. जवळ सॅक, वहिनींनी दिलेला मेतकुटाचा डबा आणि शेठजींकडून दिवाळीला मिळालेलं पानिपतचं ब्लँकेट. पानिपतला शेठजींचे व्याही आहेत, त्यांचा ब्लँकेटचा कारखाना आहे. तिकडं गाडी निघाली की शेठजी मला दर वेळी म्हणतात, "मराठे, इस बार संभल के." मी दर वेळी हसतो.

व्हेनिसमध्ये राहणं परवडणारं नव्हतं, म्हणून रेल्वेनं एक स्टेशन अलीकडं मेस्त्रेला राहिलो. वसतिगृहासारखी जागा, एका खोलीत सहा पलंग, बायका-पुरुष एकत्रच. मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. वरच्या पलंगावर एक मुलगी होती. मी डोक्यावरून ब्लँकेट घेऊन सकाळपर्यंत हललो नाही. सकाळी तिनं विचारलं, तुम्हाला बरं नाहीये का?

व्हेनिस मी दिवसभर चालून बघितलं. पाण्यात उभी असलेली घरं, पोपडे उडालेल्या भिंती, एवढ्याशा पुलावर माणसांची रांग. सुंदर आहे हे सगळे म्हणतात आणि ते खरंच आहे, पण मला सारखं वाटत होतं की इथं सिलिंडर कसा आणत असतील. मग एका कालव्यात सिलिंडरची होडी दिसली आणि समाधान झालं. दुपारी एका पुलाच्या पायरीवर बसून, सकाळी राहायच्या जागी भात शिजवून कालवलेला मेतकूट-भात काढला. शेजारी खेळणी विकणारा बांगलादेशी होता. त्यानं हिंदीत विचारलं, घर का है? मी निम्मा त्याला दिला. तो म्हणाला, यात हिंग आहे. त्याच्या आईच्या स्वयंपाकात असायचं. मग आम्ही दोघांनी मिळून डबा संपवला.

तिथूनच मामाला फोन लावला. मामानं मला दिल्लीला आणलं, काम शिकवलं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या छातीनं दगा दिला. हिंदूराव रुग्णालयात तो बरेच दिवस होता, तिथल्या लोकांनी त्याचं खूप केलं, आणि डॉक्टरांनी भट्टी बंद म्हणून सांगितलं. आता तो गावाकडं असतो, वाक्याच्या मधे थांबून श्वास घेतो.

मी त्याला यंत्राचं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

"त्याला खोकला येतो का?" त्यानं विचारलं.

"यंत्राला? नाही."

"मग घे की." थोडं थांबून, श्वास घेऊन म्हणाला, "पण भगवानला सांगताना माझं नाव नको घालू."

ल्युब्लियाना

मेस्त्रेहून बसनं स्लोव्हेनियात गेलो. का, तर बस स्वस्त होती आणि त्या देशाचं नाव मला ठाऊक नव्हतं. हद्दीवर बस थांबलीसुद्धा नाही. मी पासपोर्ट हातात धरून बसलो होतो, तो परत बनियनच्या खिशात ठेवला. हा खिसा बायकोनं शिवून दिला होता, चेन लावून.

ल्युब्लियाना हे राजधानीचं गाव, पण आमच्या विट्याच्या बाजारापेक्षा शांत. मधून हिरवी नदी, पुलावर पंखवाले हिरवे ड्रॅगन बसवलेले. माणसं रस्ता ओलांडायला हिरव्या दिव्याची वाट बघतात, गाडी एकही नसली तरी. पहिल्यांदा मी मधेच चालायला लागलो आणि एका म्हाताऱ्या बाईनं माझ्याकडं असं बघितलं की मी परत मागे येऊन उभा राहिलो. दिल्लीत दिवा हिरवा झाला तरी आम्ही आधी आजूबाजूला बघतो.

सकाळच्या बाजारात शेतकरी बायका स्वतः भाजी घेऊन बसतात. एकीजवळ आंबट कोबीचं पिंप होतं. तिनं चिमूटभर हातावर दिलं; लोणच्यासारखं, फक्त तेल-तिखट विसरलेलं. जेवायला एका खाणावळीत काळसर पिठाचा उकडलेला गोळा मिळाला, वर तुपासारखं काहीतरी. कुट्टूचं पीठ आहे, दिल्लीत नवरात्रात उपासाला खातात तेच. इथं रोज खातात. मी त्या मालकाला मोबाइलवर त्याच्या भाषेत करून दाखवलं की आमच्याकडं हे देवाच्या दिवसांत खातात. त्यानं दुसरा गोळा वाढला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

राहायच्या जागेत पुन्हा तसेच पलंग, पण आता मी सरावलो होतो. शेजारी एक जर्मन बाई होती, शाळेत शिकवून निवृत्त झालेली. तिनं माझ्या ब्लँकेटला हात लावून विचारलं, लोकर छान आहे, कुठली? बाहेर रस्त्यावर जुने कपडे टाकायची लोखंडी पेटी होती. ती मी खिडकीतून दाखवली. तुमचे जुने स्वेटर जहाजानं आमच्याकडं येतात, पानिपतला त्यांचे तुकडे करतात, पुन्हा सूत काढतात आणि असं ब्लँकेट होतं. मोडक्या इंग्रजीत एवढं सांगायला बराच वेळ लागला. तिनं ब्लँकेट उजेडात धरून रंगीत धागे बारकाईनं बघितले. मग म्हणाली, इथं एक लाल धागा आहे, हे माझं असू शकतं. आणि स्वतःच हसली.

सकाळी शेठजींचा फोन. "अरे मराठे, हाँ या ना? इटलीवाले मेल पे मेल कर रहे हैं।"

मी म्हटलं, शेठजी, दो दिन. त्यांनी फोन ठेवला. वीस वर्षांत मी त्यांना कधी दोन दिवस मागितले नव्हते.

श्कोफ्या लोका

हे गाव ल्युब्लियानाहून जवळ आहे. डोंगराच्या कुशीत, वर किल्ला, खाली दगडी पूल. मी किल्ला बघायला गेलो होतो. पण बाजारपेठेत एका खिडकीत सोनाराची बैठक दिसली आणि किल्ला राहिला तो राहिलाच.

बैठक म्हणजे अर्धगोल कापलेलं लाकडी टेबल, त्याच्या खाली चामडं ताणून बांधलेलं, कानस मारताना पडणारा कीस झेलायला. आत एक बाई अंगठी घासत होती. पन्नाशीची, केस बारीक कापलेले, डोळ्याला भिंग. मी काचेबाहेर इतका वेळ उभा राहिलो की तिनंच दार उघडलं. मी मोबाइलवर आमच्या भट्टीचा फोटो दाखवला. मग तिनं मला आत बोलावून शेजारच्या स्टुलावर बसवलं. तिचं नाव मार्ता. दुकान वडलांचं. इंग्रजी माझ्याइतकंच सावकाश बोलायची, त्यामुळं आमचं जमलं.

तासभर मी तिचं काम बघत बसलो. निघायची वेळ झाली. मी उठलो आणि कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या परातीपाशी जाऊन जॅकेट काढलं, ते झटकलं. मग खाली बसून बूट काढले आणि परातीच्या काठावर आपटायला लागलो. केसांतून हात फिरवला. हे मी विचार करून केलं नाही. भट्टीवरून उठताना माझे हातपाय ते आपोआपच करतात.

वर बघितलं तर मार्ता भिंतीला टेकलेली, हातात फोन. तिचा चेहरा बघून मला घाम फुटला. एक परका माणूस तिच्या दुकानात कपडे काढतोय, असं तिला दिसत होतं. मला इंग्रजीतला एकही शब्द आठवेना. मी परातीकडं बोट दाखवलं, मग माझ्या सॉक्सकडं, मग पुन्हा परातीकडं. मनात आलं, आता पोलीस, आणि आता पासपोर्टवरचा तो शेरा.

तिनं परातीत बघितलं. मग माझ्याकडं. आणि स्टुलावर बसून ती इतकी हसली की भिंग गळ्यात पडलं. नंतर ड्रॉवरमधून मऊ ब्रश काढून माझी पाठ झटकली, वरून खालपर्यंत, अगदी भगवान झटकतो तशी. म्हणाली, "माझे वडील असंच करायचे. पाद्रीबाबा आले तरी."

मग तिनं चहा केला आणि कचऱ्याचा डबा दाखवला. पूर्वी गावाबाहेर एक गाळणारा होता, योझे. तिचे वडील डबा घेऊन त्याच्याकडं जायचे, समोर बसायचे, सोनं निघेपर्यंत दोघं राजकारणावर भांडायचे. आता ती डबा टपालानं लांबच्या कारखान्यात पाठवते आणि काही दिवसांनी हिशेब येतो. हिशेब बरोबर असतो, असंही तिनं सांगितलं. तक्रार नव्हती तिची.

मी विचारलं, त्या योझेचं काय झालं?

तिनं कप खाली ठेवला. म्हणाली, वर टेकडीवर राहतो. मग म्हणाली की ती बरीच वर्षं त्याच्याकडं गेलेली नाही. आणि दारावर पाटी उलटी करून किल्ल्या घेतल्या.

योझेचं घर लाकडी, बाहेर सरपणाची रास अशी रचलेली की जणू विटांचं काम. म्हातारा ऐंशीच्या पुढचा, लोकरी बंडी घातलेला. मार्तानं काय सांगितलं माहीत नाही, पण त्यानं आधी माझा हात धरून नखं बघितली. तेजाबानं आमची नखं पिवळी होतात, साबणानं जात नाहीत. मग प्लमची दारू ओतली. गुरुवार होता, मी पीत नाही. ओठाला लावून ठेवली. त्यानं ते बघितलं आणि स्वतःचा पेला रिकामा केला.

मी मार्ताला म्हटलं, याला एक विचारायचं आहे. आणि यंत्र, शेठजी, चार माणसं, मामाची छाती, सगळं सांगितलं. ती थोडं थोडं त्याच्या भाषेत सांगत गेली. तो खिडकीबाहेर बघत होता. मला वाटलं, ऐकत नाही.

शेवटी तो बोलला आणि मार्तानं सांगितलं, "तो म्हणतो, मला कुणी विचारलं नव्हतं. लोकांनी येणं बंद केलं तेव्हा कळलं. तुला विचारलंय."

मी म्हटलं, तोच त्रास आहे.

त्यावर योझे हसला. त्याचा एक दात सोन्याचा होता. त्यानं त्या दातावर बोट ठेवलं आणि बराच वेळ बोलला. मार्ता ऐकताना मधेच थांबली, तिलाही हे ठाऊक नसावं. भट्टी बंद केली तेव्हा त्यानं आणि त्याच्या दोन कामगारांनी मिळून दुकानाची जमीन उखडली. फळ्या जाळल्या, खालची माती धुतली, गाळली. इतक्या वर्षांत जे परातीतून निसटलं ते सगळं खाली बसलं होतं. तिघांत वाटलं. एकानं गाय घेतली. दुसरा जर्मनीला गेला. यानं दात केला, कारण दात कुणी उसना मागत नाही.

"तो विचारतो," मार्ता म्हणाली, "तुमच्या दुकानाची जमीन कोण खणणार?"

भट्टी हलवताना जमीन खणतात हे आमच्यात पोराला ठाऊक आहे. मामा सांगायचा. ती मालकाची असते, हेही ठाऊक आहे. म्हणून तर कुणी त्याबद्दल बोलत नाही. विचेंझाची लोखंडी जाळी मला तिथं आठवली. मानेसरला जमिनीत काही उरणार नव्हतं. जे काय होतं ते करोलबागेत, आमच्या पायाखाली.

निघताना मी दाराशी सवयीनं बूट आपटले. योझेनं आतून काहीतरी म्हटलं. मार्तानं मला सांगितलं नाही, पण बसस्टॉपपर्यंत हसत होती. तिथं तिनं मला वाटेत खायला अक्रोडाची पोळी दिली. गुंडाळलेली, पुरणपोळीच्या नात्यातली. म्हणाली की पुढच्या वेळी डबा घेऊन योझेकडंच जाऊन बसेन, तो गाळत नसला तरी.

व्हिएन्ना

व्हिएन्ना मोठं आहे आणि मी त्याला न्याय दिला नाही. राजवाड्याच्या बागेतल्या बाकावर बसलो. बागेत फिरायला पैसे पडत नाहीत. समोर माळी ट्युलिपच्या वाफ्यातलं गवत काढत होते, प्रत्येक मूठ गवत आधी झटकायचे, माती परत वाफ्यात. अक्रोडाची पोळी संपवली. मग फोन लावला.

"शेठजी, मशीन लीजिए। माल हमसे अच्छा है।"

पलीकडून त्यांनी श्वास सोडल्याचं ऐकू आलं. शाबास म्हणाले. मी म्हटलं, एक बात और. मानेसरला दोन माणसं तरी माझ्याबरोबर घ्या, मी शिकवतो. ते म्हणाले, देखते हैं. मला वाटतं एवढ्यावरच त्यांनी फोन ठेवला असता.

"और शेठजी, दुकान की ज़मीन हम खोदेंगे। जो निकलेगा वो लड़कों का।"

ते हसतील असं वाटलं होतं, हसले नाहीत. जमिनीत काय असतं ते त्यांनाही ठाऊक आहे. त्यांच्या वडलांनी चांदणी चौकातल्या कुचा महाजनीतलं दुकान सोडलं तेव्हा त्यांनी स्वतः घमेली उचलली होती.

"किसने सिखाया तुझे ये?"

"एक बुड्ढे ने।"

"मराठा था?"

"नहीं। पर गलाईवाला था।"

"ज़मीन मेरी है, मराठे।"

"जी। धूल हमारी है।"

वीस वर्षांत मी या माणसाला उलट शब्द बोललो नव्हतो. यांनी माझ्या लग्नात हॉलचं भाडं दिलं. मामाच्या आजारपणात रोज गाडी पाठवली. मला वाटलं, आता संपलं, आता परत जाऊन गावाचं तिकीट काढायचं.

ते म्हणाले, "आधा."

मी काहीच बोललो नाही. खरं सांगायचं तर बोलताच येत नव्हतं. ते त्यांना हट्ट वाटलं असावं.

"अच्छा, चल। मेरा हिस्सा तेरे मामा को दे देना। और वापस आ जा यार, कमर दुख रही है।"

मी त्यांचे आभार मानले का, आठवत नाही. मानले नसतील तर इथं मानतो. माळ्यानं वर बघितलं, तेव्हा कळलं की मी फोनला वाकून नमस्कार करतोय.

करोलबाग

भगवानला मी विमानतळावरून थेट दुकानात जाऊन सांगितलं. मामाचं नाव घातलं नाही. तो भट्टीतली सोनं वितळवायची मूस चिमट्यानं काढत होता, काढून झाल्यावर म्हणाला, "मला वाटलंच होतं. तू तिकडून रोज फोटो पाठवत होतास, यंत्राचा एकही नाही." दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी डब्यातली भाकरी पुढं केली. तो आणि अजून एकजण आता मानेसरला येतात. एक गावाकडं परत गेला, एक भावाकडं कोईमतूरला. यंत्राच्या पडद्यावरची इंग्रजी अक्षरं मी एका वहीत मराठीत लिहून घेतली आहेत आणि रोज सकाळी देवाला नमस्कार करून बटण दाबतो. वास येत नाही. बायको शर्ट मागत नाही, त्याची मला अजून सवय झालेली नाही.

जमीन आम्ही मानेसरला जाण्याआधीच्या रविवारी खणली. शेठजी कमरेला पट्टा बांधून खुर्चीत येऊन बसले होते, गाळताना गिऱ्हाईक बसतं तसे, समोर. वरचं सिमेंट, खाली विटा, विटांखाली काळी माती. पोती भरली. नंतर माती धुतली, गाळली. किती निघालं ते लिहीत नाही. सगळ्यांना पुरलं. मामाला त्याचा वाटा पाठवला तेव्हा तो म्हणाला, लेका, ही तर माझ्याच चपलांची धूळ.

पण त्या दिवशीचं एक राहिलं. पोती बांधून झाल्यावर भगवान परात घेऊन आला. शेवटचंच झटकणं. एकेक जण आत उभा राहिला. शेठजीही राहिले, खुर्ची धरून. माझी पाळी आली तेव्हा मी बूट काढले. तेच युरोपातले बूट; तिकडून आल्यावर मी दुकानात चपलाच घालत होतो, त्या दिवशी खणायचं म्हणून बूट घातले होते. शिवणीत पिवळट माती बसलेली होती, कुठली ते सांगता येणार नाही, पुलाची, बाजाराची, योझेच्या सरपणाची.

भगवान म्हणाला, "यात काय असणार आहे?"

मी बूट परातीच्या काठावर आपटले. "बघू," मी म्हटलं. "आधी गाळू तर."